घड्याळाचे झोन बाजूला ठेवा: स्वतःच्या ठोक्यांवरून हार्ट रेट झोन कसे काढायचे

नवं स्पोर्ट्स वॉच हातावर चढवलं की ते आधी जन्मतारीख विचारतं. तारखेवरून वय, वयावरून हृदयाचे मिनिटातले कमाल ठोके, कमाल ठोक्यांवरून पाच रंगीत झोन (मेहनतीच्या तीव्रतेचे टप्पे), एवढं सगळं मिनिटभरात मांडून ते मोकळं होतं. तुमच्या हृदयाला मात्र कुणी काही विचारलेलं नसतं. म्हणून कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात गप्पा मारत पळणारा एखादा घड्याळाच्या हिशेबाने ‘लाल’मध्ये असतो, आणि शेजारी धापा टाकत चाललेल्याला तेच घड्याळ सांगतं की तुमचा अजून वॉर्मअप चालू आहे.

हे टाळायचं असेल तर तीन आकडे स्वतः मोजावे लागतात: विश्रांतीचे ठोके, कमाल ठोके आणि थ्रेशोल्डचे ठोके. घाई न करता दोन-तीन आठवड्यांत हे काम होतं. ठोके मोजणारा छातीचा पट्टा असेल तर उत्तम. पहिला आकडा काढायला तर दोन बोटं आणि सेकंदकाटा एवढंच पुरतं.

आधी कुणी डॉक्टरांकडे जायचं

चाळिशी ओलांडलेली आहे आणि बरीच वर्षं व्यायाम नाही, मधुमेह किंवा ब्लडप्रेशर आहे, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झालाय, चढ चढताना छातीत दाटून येतं, चक्कर येते, यातलं एकही लागू असेल तर पुढच्या कुठल्याही चाचणीआधी डॉक्टरांना भेटा. ईसीजी आणि गरज वाटली तर ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट ते सांगतील. त्या रिपोर्टमधला सर्वात मोठा आकडा हेच आपले कमाल ठोके, असं मात्र धरू नका. वयानुसार अपेक्षित ठोक्यांच्या ८५ टक्क्यांपर्यंत गेलं की ती चाचणी बऱ्याचदा थांबवतात.

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर हृदयाचे ठोके मुद्दाम दाबून ठेवलेले असतात. अशा वेळी या लेखातलं कुठलंच गणित लागू पडत नाही. तुम्ही बोलण्याच्या कसोटीवर चालायचं, ती पुढे येते. आणि झोन जुळवण्यासाठी गोळी स्वतःहून बंद करायची नाही, कधीच नाही.

वयाचं सूत्र कुठे फसतं

‘२२० वजा वय’ हे सूत्र १९७१ सालच्या एका लेखातून पसरलं. आधीच्या वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे शेजारी ठेवून ढोबळ मानाने ओढलेली ती रेषा होती. २००१ मध्ये तनाका या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी बरीच मोठी माहिती तपासून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सुधारित सूत्र दिलं. चाळिसाव्या वर्षी दोन्हींचं उत्तर एकच येतं, १८०. साठाव्या वर्षी पहिलं १६० म्हणतं आणि दुसरं १६६. म्हणजे जुनं सूत्र वयस्कर माणसाला उगाचच मागे खेचतं.

पण खरी अडचण सूत्र कुठलं निवडलं याची नाही. दोन्ही सूत्रं सरासरी सांगतात, आणि एकाच वयाच्या निरोगी माणसांत कमाल ठोके त्या सरासरीच्या दहा-बारा मागे-पुढे सहज असतात. काहींचा फरक त्याहून जास्त असतो. ४२ वर्षांच्या माणसाला सूत्र १७८ देतं, त्याचे खरे ठोके १६७ असतील किंवा १९० असतील, तरी तो ठणठणीत असू शकतो. कमाल ठोके जास्त म्हणजे फिटनेस जास्त, असंही नाही. हा आकडा बराचसा जन्मजात आणि वयावर ठरणारा आहे. मित्राच्या आकड्याशी तुलना करण्यात काही हशील नाही.

पहिला आकडा: विश्रांतीचे ठोके

रात्री झोपतानाच सेकंदकाट्याचं घड्याळ उशाशी ठेवा. पहाटे जाग आली की उठून बसू नका, फोन बघू नका. अलार्मने दचकून जाग आली असेल तर दोन-तीन मिनिटं तसेच पडून राहा. मग तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर अंगठ्याच्या बाजूला, हाडाच्या लगत आतल्या अंगाला हलकेच टेकवा. अंगठा वापरायचा नाही, त्याची स्वतःची नाडी जाणवते आणि मोजणी चुकते. फार दाबलंत तर ठोका लागतच नाही. लागला की पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते.

असं सलग सात दिवस करा, आकडे कागदावर लिहा. ताप आलेला दिवस, रात्रीच्या लग्नावरून उशिरा आलेला दिवस, आदल्या दिवशी फार दमलेला दिवस वगळा आणि उरलेल्यांची सरासरी घ्या. नियमित व्यायाम नसलेल्या माणसाचा आकडा बहुधा ६० ते ८० मध्ये येतो. वर्षानुवर्षं पळणाऱ्यांचा पन्नाशीत किंवा त्याखालीही असतो. रात्रभर घड्याळ घालून झोपणाऱ्यांना जो ‘रेस्टिंग’ आकडा दिसतो तो यापेक्षा थोडा कमी असू शकतो. दोन्ही चालतात, पण एकच पद्धत धरून चला.

ही वही पुढेही कामाला येते. नेहमी ६० असणारा आकडा एखाद्या सकाळी ६७-६८ आला तर झोप, पाणी किंवा सुरू होऊ घातलेला ताप, यातलं काहीतरी आहे. त्या दिवशी जोराचं पळणं टाळा.

दुसरा आकडा: कमाल ठोके

यासाठी चढ लागतो, कारण सपाटीवर बऱ्याचदा पाय आधी थकतात आणि हृदय वरपर्यंत पोचत नाही. वाघबीळपासून पन्हाळ्याकडे चढत जाणारा रस्ता किंवा जोतिबाचा डोंगर यासाठी चांगला. रविवारी आणि पौर्णिमेला नको, गाड्यांची वर्दळ असते. आठवड्यातला मधला दिवस आणि नुकतं उजाडलेलं, ही वेळ धरा. सोबत एकजण असू द्या.

वीस मिनिटं हळू पळून अंग गरम करा. मग साधारण तीन मिनिटांचा चढ जोरात पळा आणि चालत खाली या. दुसऱ्यांदा तोच चढ आणखी जोरात. तिसऱ्यांदा पहिली दोन मिनिटं तशीच आणि शेवटच्या मिनिटात जे काही उरलंय ते सगळं. वर पोचल्यावर जो सर्वात मोठा आकडा काही सेकंद टिकून दिसला, तो तुमचा कमाल. घड्याळात एकदाच क्षणभर चमकून गेलेला २०५ धरू नका, ती सेन्सरची चूक असते.

ही चाचणी कठीण आहे आणि सगळ्यांनी करायलाच हवी असं मला वाटत नाही. सहा महिने तरी नियमित व्यायाम नसेल तर हा टप्पा सोडून द्या, तनाकाचं सूत्र तात्पुरतं वापरा आणि बोलण्याची कसोटी सोबत ठेवा.

तिसरा आकडा: थ्रेशोल्ड

तिघांतला सर्वात उपयोगी आकडा हाच. ज्या वेगापुढे गेलं की रक्तातलं लॅक्टेट (जोराच्या मेहनतीत स्नायूंत तयार होणारा पदार्थ) साफ होण्यापेक्षा साठण्याचा वेग वाढतो, श्वास ताब्यातून निसटतो आणि काही मिनिटांत पाय जड होतात, त्या सीमेवरचे हे ठोके. प्रयोगशाळेत बोटाचं रक्त घेऊन हा बिंदू काढतात. मैदानावर अमेरिकन प्रशिक्षक जो फ्रील यांची तीस मिनिटांची पद्धत जगभर वापरली जाते आणि घरच्या घरी करायला तीच सोयीची आहे.

जागा अशी हवी की अर्धा तास कुठे थांबावं लागणार नाही. रंकाळ्याच्या काठाने सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, दर मिनिटाला कुणालातरी वळसा घालावा लागतो, म्हणून तिथे ही चाचणी नको. पोलीस ग्राउंड किंवा विद्यापीठातले आतले रस्ते बरे. सायकलवाल्यांना गगनबावडा रोड सोयीचा आहे, पण गळीत हंगामात अंधारात जाऊ नका. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच याचा भरवसा नसतो. पुरतं उजाडू द्या.

आदला दिवस हलका ठेवा. चाचणीआधी दोन तास जड काही खाऊ नका. चहा-कॉफी नेहमीपेक्षा जास्त नको, कॅफिनने ठोके वाढू शकतात. पंधरा मिनिटं हळू पळा, त्यात वीस-वीस सेकंदांच्या तीन-चार वेगवान धावा घ्या. मग घड्याळ सुरू करा आणि अर्धा तास टिकेल अशा सर्वात जोराच्या वेगाने एकटे पळा. सोबत कुणी असलं की चढाओढ लागते.

बहुतेकांची चाचणी पहिल्या पाच मिनिटांतच बिघडते. अंग ताजं असतं, वेग सोपा वाटतो आणि माणूस सुटतो. पहिली पाच मिनिटं ‘हे जरा हळूच चाललंय’ असं वाटायला हवं. दहाव्या मिनिटाला घड्याळातलं लॅपचं, म्हणजे नवा टप्पा नोंदवण्याचं, बटण दाबा. तोवर एका दमात दोन-तीन शब्दच बोलता येतील अशी अवस्था यायला हवी. अठरा ते चोवीस मिनिटांचा टप्पा सर्वात अवघड, मन म्हणतं थांब. तिथे वेग न वाढवता नुसता टिकवा. शेवटच्या पाच मिनिटांत जमलं तर थोडा वाढवा. तिसाव्या मिनिटाला पुन्हा लॅप दाबा. शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी म्हणजे तुमचे थ्रेशोल्ड ठोके. पहिली दहा मिनिटं वगळायची, कारण ठोके त्या काळात हळूहळू वर चढत असतात.

शेवटच्या दहा मिनिटांत वेग ढासळला असेल तर आकडा वापरू नका. आठवडाभराने पुन्हा करा, सुरुवात हळू ठेवून.

आता गणित

समजा वय ४२, विश्रांतीचे ठोके ६०, चढावर मोजलेले कमाल १८४ आणि थ्रेशोल्ड १६६.

नुसत्या कमाल ठोक्यांची टक्केवारी काढली तर दुसरा झोन, म्हणजे ६० ते ७० टक्के, ११० ते १२९ येतो. इतक्या कमी ठोक्यांवर बऱ्याच जणांना पळताच येत नाही, चालावं लागतं.

कार्व्होनेन पद्धतीत विश्रांतीचे ठोकेही धरतात. फिनलंडच्या मार्टी कार्व्होनेन यांच्या १९५७ सालच्या कामावरून ही पद्धत आली. कमालमधून विश्रांतीचे ठोके वजा करायचे: १८४ वजा ६०, म्हणजे १२४. हा तुमचा राखीव साठा. त्याची हवी ती टक्केवारी काढून त्यात पुन्हा ६० मिळवायचे. ६० टक्क्यांना १३४, ७० टक्क्यांना १४७. म्हणजे दुसरा झोन १३४ ते १४७. आधीच्या पद्धतीत आणि यात वरच्या मर्यादेतच अठरा ठोक्यांचा फरक आहे. दोघांनाही ‘झोन दोन’ म्हणतात, म्हणून आकडा कुठल्या पद्धतीने काढलाय हे विचारल्याशिवाय कुणाचा सल्ला घेऊ नका.

फ्रील यांच्या पद्धतीने थ्रेशोल्ड १६६ धरून पळण्याचे झोन असे येतात:

झोन १: ८५ टक्क्यांखाली, म्हणजे १४१ च्या आत
झोन २: ८५ ते ८९ टक्के, १४१ ते १४८
झोन ३: ९० ते ९४ टक्के, १४९ ते १५६
झोन ४: ९५ ते ९९ टक्के, १५८ ते १६४
झोन ५: १०० टक्के आणि पुढे, १६६ पासून वर

दुसऱ्या झोनची वरची मर्यादा दोन्ही पद्धतींत जवळजवळ एकच आली, १४७ आणि १४८. हा मेळ बसला की आपली मोजणी नीट झाली असं समजायला हरकत नाही. तुमच्या आकड्यांत दहाहून जास्त फरक आला तर मी थ्रेशोल्डवर जास्त विश्वास ठेवीन, कारण तो प्रत्यक्ष टिकवलेल्या अर्ध्या तासातून आलेला असतो.

सायकलचे झोन वेगळे काढावे लागतात. बसून चालवताना शरीराचं वजन पेलायचं नसतं, स्नायू कमी लागतात, म्हणून थ्रेशोल्ड पळण्यापेक्षा बहुधा पाच ते दहा ठोक्यांनी कमी येतो. फ्रील यांच्या सायकलच्या तक्त्यात दुसरा झोन ८१ टक्क्यांपासून सुरू होतो. पोहण्यात ठोके आणखी खाली असतात.

आकडे मिळाले की घड्याळाच्या सेटिंगमध्ये हार्ट रेट झोन उघडा, ‘कस्टम’ किंवा थ्रेशोल्डवर आधारित पर्याय निवडा आणि हाताने भरा. कमाल ठोके आपोआप बदलण्याची सोय असेल तर ती बंद करा. नाहीतर सेन्सरच्या एका चुकीच्या उसळीने सगळे झोन वर सरकतात.

बोलण्याची कसोटी

यंत्र काहीही म्हणो, दुसऱ्या झोनमध्ये पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. शाहू स्टेडियमवर काल पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉल मॅच झाली असेल, तर कुठला गोल कसा झाला हे न अडखळता शेजारच्याला सांगता यायला हवं. वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागला की तुम्ही तिसऱ्यात गेलात. दोन-तीन शब्दांवर आलात की चौथ्यात. नवशिक्यांना आणि गोळ्या चालू असणाऱ्यांना ही कसोटी पुरेशी आहे.

कोल्हापुरात नेमकं कुठे चुकतं

हे शहर तालमींचं. पहाटेच्या जोर-बैठका, आखाड्यातली लढत, अंगातून घाम निथळल्याशिवाय मेहनत झाली असं इथे कुणी मानत नाही. कुस्तीला ते शोभतं, कारण तिथे काही मिनिटांत सगळी ताकद ओतायची असते. अर्धमॅरेथॉनला दोन-अडीच तास लागतात, आणि त्यासाठीचा पाया संथ पळण्यानेच घातला जातो. दीर्घ वेळ कमी ठोक्यांवर राहिल्याने एका ठोक्यात जास्त रक्त ढकललं जातं, स्नायूंत केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशींतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) वाढतात, चरबी इंधन म्हणून वापरण्याची क्षमता सुधारते. स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल दर्जाच्या खेळाडूंचं प्रशिक्षण तपासलं तेव्हा सुमारे ८० टक्के सत्रं हलक्या तीव्रतेची आढळली.

आपल्याकडचे बरेच जण रोजच तिसऱ्या झोनमध्ये पळतात. धाप लागते, घाम येतो, समाधान होतं. पण ते पळणं पायाभरणीसाठी जास्त जोराचं आणि वेग वाढवण्यासाठी कमी जोराचं पडतं. आठवड्यातून पाच दिवस पळत असाल तर चार दिवस झोन एक-दोन, त्यातला एक लांब पल्ल्याचा, आणि एकच दिवस झोन चारमध्ये दहा-दहा मिनिटांचे दोन टप्पे, एवढं पहिल्या दोन महिन्यांसाठी भरपूर आहे. पाचव्या झोनची तीन-चार मिनिटांची सत्रं त्यानंतर. तीस सेकंदांच्या वेगवान धावांत तर ठोक्यांकडे बघूच नका. हृदय वर पोचेपर्यंत धाव संपलेली असते.

पन्हाळ्याच्या चढावर दुसऱ्या झोनमध्ये राहायचं म्हणजे बहुतेकांना चालावं लागेल. खुशाल चाला. त्यात कमीपणा काहीच नाही. मागून येणारा पुढे गेला तर जाऊ द्या.

ऊन आणि पावसाळा

एप्रिल-मे मध्ये सकाळी आठनंतर त्याच वेगाला ठोके दहा-पंधराने जास्त दिसले तर घाबरू नका. शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, घामाने रक्तातला द्रव कमी होतो, एका ठोक्यात कमी रक्त जातं आणि ती तूट भरायला ठोके वाढतात. जून-जुलैत ऊन नसलं तरी दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे तोच प्रकार होतो. अशा दिवशी झोन बदलायचे नाहीत, वेग कमी करायचा.

याच गोष्टीचा उपयोग पाया तपासायलाही होतो. थंडीतल्या सकाळी एक तास एकाच वेगाने सपाटीवर पळा. पहिल्या अर्ध्या तासाची सरासरी १४० आणि दुसऱ्याची १४६ आली, तर वाढ साधारण ४ टक्के. पाच टक्क्यांच्या आत असेल तर पाया चांगला आहे, अंतर वाढवा. दहाच्या आसपास असेल तर अजून काही आठवडे संथ पळणंच करा.

मनगटावरचा सेन्सर

घड्याळ हिरव्या प्रकाशाने त्वचेखालचा रक्तप्रवाह बघतं. पट्टा सैल असेल, हात गार पडलेला असेल किंवा तिथे गोंदवलेलं असेल तर ते चुकतं. पळताना कधीकधी ते ठोक्यांऐवजी पावलंच मोजू लागतं. हळू पळतानाही सतत १६५-१७० दिसत असेल आणि पावलांचा आकडाही तेवढाच असेल, तर शंका घ्या, थांबा आणि गळ्याच्या एका बाजूला बोटं लावून मोजा. दोन्ही बाजू एकाच वेळी दाबू नका. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर घट्ट बांधा. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत वाचतो, म्हणून चाचणीसाठी तोच घ्या. बांधण्याआधी आतल्या पट्ट्या पाण्याने ओल्या करा. कोरड्या असल्या तर पहिल्या काही मिनिटांचे आकडे भलतेच येतात.

पुन्हा कधी मोजायचं

थ्रेशोल्डची चाचणी दर सहा ते आठ आठवड्यांनी. कमाल ठोके सरावाने फारसे बदलत नाहीत, ती चाचणी वर्षातून एकदा पुरे. विश्रांतीचे ठोके रोज मोजलेत तर उत्तम. दर वेळी तीच जागा, तीच वेळ आणि तोच सेन्सर ठेवा, आणि वहीत तापमान लिहा. मे महिन्यातली चाचणी डिसेंबरच्या चाचणीशी ताडून पाहायची नाही. थ्रेशोल्डचा आकडा तसाच राहिला पण त्या अर्ध्या तासात तुम्ही दोनशे मीटर जास्त पळालात, तर झोन न बदलता सराव चालू ठेवा, प्रगती बरोबर होतेय.